हात मांडीवर

"पोह्यात शेंगदाणे सढळ हातानं टाक गं लते. शहरातली बाई हाय. आन् पोरीला ते हिरवं परकर-पोलकं घाल. मागल्या टायमाला फ्रॉक घातला व्हता, तिथंच चुकलं आपलं."

कुसाबाईंचा हुकूम सुटला तशी लताबाईंनी नुसती मान हलवली. पहाटे शेवंतीची तोड करून, करंड्या शेजारच्या चंदरच्या टेम्पोत चढवून त्या आत्ता कुठं घरात टेकल्या होत्या. पाठीचा कणा ओल्या दोरासारखा झाला होता. पण सासूबाईंपुढं पाठीचं गाऱ्हाणं घालण्यात अर्थ नव्हता. सायखेड्यातल्या माळ्याच्या घरात पाठ सगळ्यांचीच दुखते.

ओटा सारवला होता. ठेवणीतली सतरंजी निघाली होती. नव्या कपबशा निघाल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, घरात मुलगी बघायला पाहुणे यायचेत. आणि एका परीनं ते खरंही होतं. फक्त मुलगी सहा वर्षांची होती, आणि बघायला एकटी एक बाई यायची होती.

सृष्टी मागच्या पडवीत उकिडवी बसून शेवंतीची फुलं ओळीनं मांडत होती. मोठं, त्याहून लहान, त्याहून लहान. लताबाई तिच्या मागं बसून वेणी घालू लागल्या. पोरगी हलली नाही, वळली नाही, हुं नाही की चूं नाही. वेणी घालताना लताबाईंनी हळूच सूर लावला, "तुझं नाव काय?"

"सृष्टी किशोर जेजूरकर," पोरगी त्याच सुरात म्हणाली.

"गाव कोणतं?"

"सायखेडा."

"देव कोणता?"

"विठोबा."

"शाबास गं माझी माय," लताबाई म्हणाल्या.

हे प्रश्न त्यांनीच बसवले होते. कीर्तनात बुवा ध्रुपद घोळवतात आणि टाळकरी ते उचलतात, तसे रोज तोडीच्या वेळी, वेणीच्या वेळी घोळवून घोळवून. गेल्या महिन्यात नाशिकच्या मुलांच्या तपासणी केंद्रात मंजुषा मॅडमनी पोरीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा लताबाई हट्टानं सोबत गेल्या होत्या. मॅडम काही विचारायच्या आत लताबाईच पुढं झाल्या होत्या, "सांग बाळा मॅडमला, तुझं नाव काय?" आणि पोरीनं पोपटासारखं सगळं म्हणून दाखवलं होतं. पाण्याचा पेला, खेळणं, खाऊ, जे जे पोरीला हवं ते लताबाईंनी तिच्या हाताशी आधीच सरकवलं होतं. पोरगी रडली नाही की बिथरली नाही. मॅडमनी सगळं लिहून घेतलं, बेरीज केली, आणि कपाळाला आठी घालून आशाला, लताबाईंच्या धाकट्या जावेला, पोरीच्या जन्मदातीला, म्हणाल्या होत्या, "आई म्हणून तुम्ही जे सांगताय आणि मला जे दिसलं, ते जुळत नाही. मी एकदा घरी येऊन बघते."

परतीच्या एसटीत आशा खिडकीकडं तोंड करून बसली होती.

गोष्ट साधी होती, आणि सगळ्या घराला ठाऊक होती. किशोर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. दसऱ्यापासून त्याच्या खिशात तिथल्या वसाहतीतल्या खोल्यांची किल्ली पडून होती. नाशिकरोडला अशा मुलांची एक शाळा होती. मॅडमच्या कागदावर पोरीची अडचण पक्की ठरली, तर आशा-किशोर पोरीला घेऊन एकलहऱ्याला जाणार. नाही ठरली, तर पोरगी इथंच राहणार, गावच्या शाळेत बसणार, आणि रात्री लताबाईंच्या कुशीत झोपणार. बाळंतपणात आशाला कावीळ झाली, तेव्हापासून पोरगी तिथंच झोपत आली होती. लताबाईंना दुसरं लेकरू नव्हतं. हे कोणी बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती.

"आल्या!" ओट्यावरून लताबाईंच्या नवऱ्याची, सावळीरामांची, हाक आली.

मंजुषा मॅडम किशोरच्या मोटारसायकलवरून उतरल्या. तिशीच्या पुढच्या, अंगावर साधा कॉटनचा ड्रेस, खांद्याला झोळी. धुळीनं केस भुरके झालेले. त्यांनी चपला काढल्या, कुसाबाईंना नमस्कार केला, पोह्यांची बशी हातात घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमची कामं करा. मी आज पाहुणी नाही. मी नुसती बसणार आहे."

"नुसतं बसायला नाशिकवरनं आल्या व्हय?" कुसाबाई म्हणाल्या. "इचारा की पोरीला. समदं येतंय तिला. लते, आण तिला म्होरं!"

सृष्टीला सतरंजीवर आणून बसवलं. हिरवा परकर, कपाळाला कुंकू, डोळ्यांत काजळ. तिची नजर मॅडमच्या झोळीच्या बंदावर खिळली होती.

मॅडमनी हातातली बशी बाजूला ठेवली आणि मऊ आवाजात विचारलं, "सृष्टी, चहा घेणार का गं?"

"सृष्टी किशोर जेजूरकर," सृष्टी म्हणाली.

किशोर खळखळून हसायला गेला आणि मधेच थांबला.

"ही वेणी कुणी घातली?"

"सायखेडा."

"अगं, भूक लागली का तुला?"

"विठोबा."

ओट्यावर शेजारच्या मळ्यातली मोटर ऐकू यायला लागली. लताबाईंनी पदर तोंडाला लावला. आशानं मान वर केली आणि थेट लताबाईंकडं पाहिलं. ती नजर चिडलेली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली होती. कितीक रात्री न झोपलेल्या माणसाची.

"कोणी शिकवलं हे?" मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मी," लताबाई म्हणाल्या.

"शिकिवलं तर काय दरोडा घातला का?" कुसाबाई उसळल्या. "परीक्षा म्हनल्यावर लेकराची तयारी करून घ्यायाची नाय? का मास्तरच्या पोरानंच पास व्हयाचं?"

"आई, जरा गप बैस," किशोर म्हणाला.

"तू गप बैस! बायकोच्या पदराला बांधलेला! किल्ली खिशात वाजवत फिरतो, मला काय दिसत नाय व्हय?"

सावळीराम खांबाला टेकून बसले होते. गावच्या सप्ताहात टाळ धरणारा शांत माणूस. ते म्हणाले, "मॅडम, आमाला अडाण्यांना समजंल असं सांगा. तुमी बघता काय नक्की? रक्त नाय काढलं, फोटो नाय काढला. मग कळतं कसं?"

मंजुषा मॅडमनी झोळीतून कागद काढला आणि सतरंजीवर सगळ्यांना दिसेल असा पसरला.

"या आजाराला, खरं तर आजारही नव्हे, मुलाच्या मनाच्या या घडणीला म्हणू या, रक्ताची तपासणी नाही, दादा. फक्त डोळे आहेत. माणसांशी ती कशी वागते, आपलं बघून तसं करते का, वस्तूशी कशी खेळते, सवयीचं काही बदललं तर काय होतं, आवाज ऐकून काय करते, हवं ते कसं मागते, अशा पंधरा गोष्टी. तिच्या वयाच्या इतर मुलांसारखं असेल तर एक मार्क. खूप वेगळं असेल तर चार. मधलं असेल तर मधले."

"म्हंजे जास्ती मार्काला नापास?" सावळीराम म्हणाले.

"पास-नापास नाहीच. जितके मार्क जास्त, तितकी तिला मदत जास्त लागणार, एवढंच. मागच्या वेळी अठ्ठावीस आले. तिसाच्या आत, म्हणजे अडचण नाही. आणि ते खोटे होते." मॅडम लताबाईंकडं वळल्या. "तुमच्यामुळं खोटे होते, असं नाही म्हणत मी. मलाच ओळखता आलं नाही. त्या दिवशी मी सृष्टीला पाहिलंच नव्हतं. सृष्टी आणि तुम्ही, असं दोघींचं मिळून जे एक माणूस होतं, ते पाहिलं."

लताबाईंना वाटलं, भर ओट्यावर कोणी आपला पदर ओढला.

मग मॅडम मागच्या पडवीत जाऊन खरोखरच नुसत्या बसल्या. मागोमाग घरातले सगळेही तिथं आले. पोरीनं परकराचा बोंगा आवळला आणि आपल्या शेवंतीच्या ओळीपाशी परत गेली. मॅडमनी मागून हाक मारली, "सृष्टी!" पोरगी वळली नाही. आशानं हाक मारली. नाही. मॅडमनी भिंतीवरच्या खुंटीवरून सावळीरामांचे टाळ उतरवले आणि अगदी हळू, कडेला कड लावून वाजवले. पोरीनं झटकन मान वळवली.

"बघा!" कुसाबाई जिंकल्यासारख्या म्हणाल्या. "कान तिखट हायेत. सप्त्यात मृदंगापाशी बसली की दोन-दोन घंटे डुलते. बुवांनी सोताच्या गळ्यातला हार घातला व्हता तिला. मागल्या जन्मीची पुन्याई हाय म्हनले. आन् तुमी तिला मार्क देता!"

"टाळ तिला आवडतो, आजी, ते खरंच आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या कागदानं ते कमी होत नाही. पण आईच्या हाकेला ती वळत नाही, हेही खरं आहे. मला दोन्ही लिहायला लागतं."

त्यांनी टाळी वाजवली, नाक पकडलं, जीभ काढली. शेजारच्या घरातलं एखादं पोर असतं तर त्यानं नक्कल केली असती. सृष्टीनं केली नाही. मॅडमनी ओळीतलं एक फूल उचलून दुसरीकडं ठेवलं. पोरीच्या तोंडातून एक बारीक, लांब किंकाळी निघाली आणि ते फूल जागेवर जाईपर्यंत थांबली नाही. मॅडम लिहीत होत्या. किशोर कागदाकडं पाहत नव्हता, मळ्याकडं पाहत होता.

शेवटी मॅडमनी झोळीतून काचेची एक बरणी काढली. आत गोडी शेव. झाकण घट्ट लावलेलं. ती त्यांनी पोरीपुढं ठेवली आणि मागं सरल्या.

सृष्टीनं बरणी पाहिली. उठली. मधे आशा होती, किशोर होता, आजी होती. त्यांना खांब-भिंती असल्यासारखं ओलांडून ती लताबाईंपाशी आली, तोंडाकडं न बघता त्यांचं मनगट धरलं आणि ओढत नेऊन त्यांचा हात बरणीच्या झाकणावर ठेवला.

लताबाईंचे डोळे भरून आले. एवढ्या माणसांत पोरीनं त्यांनाच निवडलं होतं. त्यांनी मॅडमकडं पाहिलं, जणू म्हणत होत्या, आता ह्याला किती मार्क देता बोला.

"हे ती रोज करते?" मॅडमनी हळूच विचारलं.

"रोज. माझाच हात धरते. दुसऱ्या कुणाचा नाय."

"तोंडाकडे बघते का? कधी 'दे' म्हणते? बोट दाखवते?"

लताबाईंनी आठवून पाहिलं. सहा वर्षं आठवून पाहिली.

"नाय," त्या म्हणाल्या.

"अशी मुलं मोठ्यांचा हात हत्यारासारखा वापरतात, बाई. पक्कड असते ना, तसा. माझ्या कागदावर याचीही एक जागा आहे."

पक्कड. लताबाईंनी आपल्या हाताकडं पाहिलं. शेवंतीच्या चिकानं काळी पडलेली बोटं. सहा वर्षं ज्या पकडीला त्या माया समजून चालल्या, ती कागदावरच्या एका ओळीत मावत होती.

"माझं काहीच नव्हतं मग त्यात?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ते मला मोजता येत नाही. खोटं कशाला सांगू? तुमचाच हात का, ते मला माहीत नाही. आता एक कराल? तिला समजून घ्यायला मला ते बघायलाच हवं. हात मांडीवर ठेवा. झाकण उघडू नका. बस्स."

लताबाईंनी हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

पोरीनं तो पुन्हा उचलून बरणीवर ठेवला. लताबाईंनी पुन्हा मागं घेतला. तिसऱ्या वेळेला त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यावर आपलं सगळं ओझं टाकलं. पोरगी बावरली. मग घशातून आवाज काढू लागली. मग स्वतःच्या मनगटाला चावली.

"अगं लते!" कुसाबाई ओरडल्या. "काळीज हाय का फत्तर? उघड की ते झाकन!"

लताबाई बसून राहिल्या. त्यांच्या डोक्यात, कधीच्या कुठल्या सप्ताहातलं, बुवांचं गजेंद्राचं आख्यान चालू झालं होतं. मगरीनं पाय धरलाय, हत्ती तळ्यात ओढला जातोय. बुवा वीणा थांबवून विचारत, मायबाप हो, देवाला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मग हत्तीनं हाक मारेपर्यंत तो का थांबला? दर वेळी लताबाईंना देवाचा राग यायचा. आज पहिल्यांदाच मनात आलं, की थांबणाऱ्याच्या पोटात त्या वेळी काय झालं असेल. त्याची गोष्ट कुणीच सांगत नाही.

पोरीनं जमिनीवर डोकं आपटलं, एकदा, आणि दुसऱ्यांदा आपटायच्या आत मॅडमनी आपला तळवा मधे घातला. "पुरे. झालं. झालं हं, बाळा." त्यांनी बरणी उघडली आणि शेव पोरीच्या ओंजळीत ओतली. रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. पोरगी शेव खात परत आपल्या ओळीपाशी गेली, लताबाईंच्या अंगावरून, त्यांच्याकडं न बघता.

आशा जागची उठली आणि लताबाईंच्या शेजारी येऊन बसली. सहा वर्षांत दोघी जावा एका बाजूला बसल्या, ते बहुतेक पहिल्यांदाच.

मॅडमनी बेरीज केली. "साडेसदतीस," त्या म्हणाल्या. "मी हे डॉक्टरांना दाखवीन, तेही तिला तपासतील, मगच नक्की म्हणायचं. पण तुम्हाला अंधारात नाही ठेवत. याला स्वमग्नता म्हणतात. बरीच आहे. कोणी काही चुकल्यामुळं होत नाही ती. दृष्ट नाही, शाप नाही, आईचा दोष तर मुळीच नाही."

शेवटचं वाक्य ऐकून आशानं पदरात तोंड खुपसलं. सहा वर्षं तिनं जे ऐकून घेतलं होतं, त्यातलं बरंचसं ह्याच ओट्यावर ऐकलं होतं.

"आन् शाळा?" सावळीरामांनी विचारलं.

"लवकरात लवकर. रोजची."

"म्हंजे चालले," कुसाबाई म्हणाल्या. आवाजातला तिखटपणा गळून गेला होता. आता ती नुसती म्हातारी बाई होती. "म्या म्हनलं व्हतं, हा कागुद घर फोडणार."

"आई, एकलहरं काय काशीत हाय का?" किशोर म्हणाला. "दर सुट्टीला येऊ."

"पोर गेल्यावर घरात ऱ्हातं काय रे? शेवंती?"

"जाऊ दे त्यांना, आई," सावळीराम म्हणाले, आणि बायकोकडं न पाहता उठून बाहेर गेले. त्यांना पाहणं झेपलं नसतं.

किशोर मॅडमना सोडायला गेला. पोह्यांची बशी तशीच अर्धी राहिली होती. लताबाईंनी ती उचलली, ओटा झाडला, कपबशा विसळल्या. हात आपले आपण कामं करत होते. आशा न्हाणीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आक्का," ती म्हणाली, "तुम्ही चला आमच्याबरोबर. दोन खोल्या आहेत. मी तुम्हाला खूप बोलले, मनातल्या मनात तर त्याहून जास्त. तुम्ही माझी पोर माझ्यापासून तोडली, असंच वाटायचं मला. पण मला एकटीला नाही जमायचं. माझ्याकडं ती बघत पण नाही."

लताबाईंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. सकाळपासून, खरं तर किल्ली आल्या दिवसापासून, हेच वाक्य कोणीतरी म्हणावं म्हणून त्या देवाला साकडं घालत होत्या. आता ते समोर उभं होतं.

"आत्याबाईंना काय सांगू? तोडीचं कोण बघणार?" त्या म्हणाल्या.

"मी बोलते त्यांच्याशी. चंदरची बायको येईल तोडीला. तुम्ही हो म्हणा फक्त."

लताबाईंनी कपबशी पालथी घातली. ओले हात पदराला पुसले, पुसतच राहिल्या.

"नगं," त्या म्हणाल्या.

"आक्का!"

"मी आले तर ती कधीच मागायची नाय गं. पघितलंस ना आज? मी हाय तवर तिला तोंड उघडायची गरजच नाय. रडायच्या आधी माझ्या हातात पेला असतो." त्यांनी हातातला ओला पदर सोडला. "मॅडम बोलल्या नाय तसं, भली बाई हाय. पन मला कळलं."

आशा तिथंच, न्हाणीच्या उंबऱ्यावर, ओल्यात बसली.

"मग मला सांगा," ती म्हणाली. "ती रडायच्या आधी तुम्हाला कसं कळतं, ते सगळं सांगा. मला काहीच कळत नाही तिचं."

लताबाई तिच्यासमोर टेकल्या. हे कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. "तहान लागली ना," त्या म्हणाल्या, "की डाव्या पायाचा अंगठा जमिनीला घासते. भूक लागली की कानाची पाळी धरते, हिथं, अशी. झोप आली की भिताडाकडं तोंड करून बसते. आन् पोट दुखत आसंल तर गप ऱ्हाते, लय गप. तवा भ्यायचं."

"आणि अंगठा घासला की?"

"की पेला भरायचा. तिला दिसंल असा ठिवायचा. आन् द्यायचा नाय. थांबायचं."

"किती वेळ थांबायचं, आक्का?"

पडवीतून फुलं सरकवल्याचा आवाज येत होता.

"ते मला ठावं नाय," लताबाई म्हणाल्या. "मी कधी थांबलेच नाय."